ज्यूल व्हर्न : मुलांच्या कपाटातला लेखक



स्मरणिकेत एका गाजलेल्या, पण आज हयात नसलेल्या व्यक्तीचा परिचय मी लिहावा असं ठरलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोघातिघांनी परस्पर ठरवूनही टाकलं की ही कॉम्प्युटरवाली म्हणजे ॲलन ट्युरिंगवरच लिहिणार. ट्युरिंग मोठाच माणूस, पण मी निवडलाय ज्यूल व्हर्न. आपल्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी तरी त्याला वाचलेलं आहे, बहुतेकांनी भा. रा. भागवतांच्या मराठीतून. फास्टर फेणेच्या शेजारीच त्याची पुस्तकं ठेवलेली असायची. त्यामुळे कित्येकांना तो मराठीच लेखक वाटायचा, फक्त नाव जरा विचित्र.

आपल्या घरी त्या वाचनाला ‘अवांतर’ म्हणत. म्हणजे अभ्यास झाला, पाढे झाले, शुद्धलेखन झालं, की मग उरलेल्या वेळात वाचायचं ते. गंमत अशी की खुद्द व्हर्नच्या देशातही त्याला जवळजवळ शंभर वर्षं अवांतरच धरलं गेलं. सगळं जग त्याला वाचत होतं आणि साहित्याच्या हिशेबात कुणी त्याला धरत नव्हतं. हे त्याला कळत होतं आणि लागतही होतं. त्याच्या आयुष्याची ही बाजू मला फार उशिरा समजली, म्हणून तीच सांगते.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ चा, फ्रान्समधल्या नांत या बंदराच्या गावातला. लुआर नदीच्या पात्रातल्या एका बेटावर त्यांचं घर. वडील वकील. नदीत जहाजं उभी असायची, दूरदेशीचा माल उतरायचा. अकरा वर्षांचा असताना तो एका जहाजावर चोरून चढला आणि वडिलांनी त्याला पुढच्या बंदरात गाठून परत आणलं, अशी गोष्ट त्याच्या घराण्यातून सांगितली जाते. अभ्यासकांना ती फारशी खरी वाटत नाही. पण त्या मुलाचं मन कुठे होतं, हे त्या गोष्टीवरून कळतं.

मोठ्या मुलाने वडिलांचीच वकिली पुढे चालवायची, हे घरात गृहीत होतं. १८४८ मध्ये कायदा शिकायला म्हणून तो पॅरिसला गेला, पदवीही मिळवली, पण जीव नाटकात अडकला. ‘थ्री मस्केटीअर्स’वाल्या अलेक्झांडर द्यूमाची ओळख झाली आणि द्यूमाच्या थिएटरात १८५० मध्ये त्याचं एक छोटं नाटक रंगमंचावर आलं. वडिलांनी वकिलीचा चालता व्यवसाय सोपवायची तयारी दाखवली तेव्हा त्याने नकार कळवला. नाटकांवर पोट भरेना. एका थिएटरात सेक्रेटरीची नोकरी केली. १८५७ मध्ये ऑनोरीन या दोन मुलींच्या विधवा आईशी लग्न केलं आणि संसारासाठी पॅरिसच्या शेअरबाजारात दलाली सुरू केली. पहाटे उठून लिहायचं, मग बाजारात जायचं. नोकरी सांभाळून स्वतःचं काहीतरी करू बघणाऱ्या आपल्या बॅचच्या मंडळींना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

१८६२ मध्ये त्याला प्रकाशक भेटला, पिएर-ज्यूल एत्झेल. व्हर्नच्या आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा माणूस. फुग्यात बसून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी एत्झेलने त्याच्याकडून सुधारून घेतली आणि १८६३ च्या जानेवारीत छापली. ती चालली. एत्झेलला मुलांसाठी आणि कुटुंबासाठी एक मासिक काढायचं होतं, ज्यात करमणुकीतून शास्त्र आणि भूगोल शिकवला जाईल. ते १८६४ मध्ये निघालं. व्हर्न त्याचा हुकमी लेखक झाला. कादंबरी आधी मासिकात क्रमशः यायची, मग पुस्तक, मग नववर्षाच्या भेटीसाठी लाल-सोनेरी बांधणीची सचित्र आवृत्ती. ठरलेला करार, वर्षाला ठरलेले खंड. त्यातून पृथ्वीच्या पोटातला प्रवास आला, चंद्रावरची स्वारी आली, समुद्राखालची भ्रमंती आली, ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा आली. अशा कादंबऱ्या एकूण पन्नासहून अधिक झाल्या.

पण या करारात एक बाजू होती. पहिल्या यशानंतर व्हर्नने एत्झेलला दुसरं एक हस्तलिखित दिलं होतं, शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे १९६० सालच्या पॅरिसवर. त्यात गॅसवर धावणाऱ्या गाड्या आहेत, उंचावरून जाणाऱ्या रेल्वे आहेत, दूरवर कागदाची हुबेहूब नक्कल पाठवणारं तारयंत्र आहे, रात्रीचा दिवस करणारे विजेचे दिवे आहेत. आणि या सगळ्यात एक तरुण आहे, ज्याला लॅटिन कवितेचं बक्षीस मिळतं आणि लोक त्याला हसतात. तो पुस्तकांच्या भल्यामोठ्या दुकानात जाऊन व्हिक्टर ह्यूगो मागतो, तर तिथे ते नावच कुणाला माहीत नसतं. बँकेत नोकरी धरतो, ती जमत नाही. शेवटी बर्फात, उपाशी, स्मशानात त्याची गोष्ट संपते. एत्झेलने ते साफ नाकारलं. असलं भाकीत कुणाला पटणार नाही आणि याने तुझं नाव खराब होईल, असं त्याने कळवलं. व्हर्नने ते बाजूला ठेवलं आणि एत्झेलला हवं तसं लिहू लागला. लोकांना माहीत असलेला आनंदी, उत्साही, विज्ञानावर भरवसा असलेला व्हर्न हा काही अंशी असा घडवलेला आहे.

आपला हिंदुस्थान त्याच्या पुस्तकांत बराच आहे, जरी तो स्वतः इथे कधी आला नाही. फिलिआस फॉग मुंबईत उतरतो, त्याचा नोकर मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो. मग जी.आय.पी. रेल्वेने घाट चढून खानदेशातून पुढे जाताना रूळच संपतात आणि हत्ती विकत घ्यावा लागतो. १८८० च्या ‘वाफेचं घर’ या कादंबरीत वाफेवर चालणारा पोलादी हत्ती आहे आणि तिची सुरुवात होते आपल्या औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास जाहीर झालेल्या इनामाच्या पत्रकाने. वेरूळची लेणीही त्यात येतात. नानासाहेब तिथे खलनायक आहेत, हे आपल्याला रुचणारं नाही. पण दुसऱ्या पारड्यात कॅप्टन निमो आहे. व्हर्नच्या मनात निमो होता पोलंडचा सरदार, रशियाच्या झारने ज्याचं कुटुंब संपवलं असा. रशियात पुस्तकं खपायची, म्हणून एत्झेलने ते नको म्हटलं. दोघांची पत्रापत्री झाली आणि समुद्राखालच्या कादंबरीत निमोचा देश लपवला गेला. पुढे ‘गूढ बेट’ या कादंबरीत, १८७५ मध्ये, कळतं की निमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा डाक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला आणि सर्वस्व गमावलेला. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पाणबुडीचा कप्तान हिंदी आहे, हे शाळेत असताना आपल्यातल्या किती जणांच्या लक्षात आलं होतं?

लोकप्रियता अफाट होती. ऐंशी दिवसांच्या कादंबरीवरचं नाटक १८७४ मध्ये पॅरिसला लागलं आणि त्याचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. सरकारी सन्मान मिळाला, फ्रेंच अकादमीने या पुस्तकमालेला पारितोषिकही दिलं. पण पारितोषिक वेगळं आणि अकादमीच्या चाळीस खुर्च्यांपैकी एक मिळणं वेगळं. मित्रांनी, विशेषतः धाकट्या द्यूमाने, त्याच्यासाठी शब्द टाकून पाहिला. काही झालं नाही. एमिल झोलाने १८७८ मध्ये त्याच्याविषयी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की व्हर्नला आजच्या साहित्यात काही महत्त्व नाही. मोठा खप हे प्रमाण मानायचं तर मुळाक्षरांची पुस्तकं आणि प्रार्थनापुस्तकंही भरपूर खपतात. झोला म्हणजे गल्लीतला टीकाकार नव्हे. त्या काळच्या फ्रेंच कादंबरीचा तो म्होरक्या. त्याला माणसाच्या मनाची आणि समाजाची चिरफाड हवी होती आणि व्हर्नकडे त्याला दिसत होते फक्त फुगे आणि पाणबुड्या. शिवाय ही पुस्तकं मुलांच्या मासिकात येणारी, बक्षीस म्हणून वाटली जाणारी. एकदा पुस्तक मुलांच्या कपाटात गेलं की मोठी माणसं ते उघडून बघत नाहीत.

घरातही सुख नव्हतं. एकुलता मुलगा मिशेल हट्टी, उधळ्या. बापाने त्याला सुधारगृहात ठेवून पाहिलं आणि १८७८ मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या जहाजावर चढवून दिलं. ज्याने मुलांसाठी इतकं लिहिलं, त्याला स्वतःचा मुलगा सांभाळता येईना. ९ मार्च १८८६ रोजी त्याचा पुतण्या गास्ताँ याने मनोविकाराच्या झटक्यात त्याच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी पायात लागली आणि व्हर्न कायमचा लंगडू लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत एत्झेल वारला. त्यानंतर समुद्रावरची भटकंती थांबली. स्वतःची नौका तर त्याने त्याआधीच विकली होती. तो आमिएँ या बायकोच्या गावी राहायचा. १८८८ मध्ये तिथल्या नगरपालिकेवर निवडून आला आणि पुढची कित्येक वर्षं रस्ते, शाळा, थिएटर असली कामं मन लावून करत राहिला. पहाटे पाचला उठून अकरापर्यंत लिहिण्याचा नेम मात्र मोडला नाही. वर्तमानपत्रं आणि नियतकालिकांतून काढलेल्या टिपणांची हजारो कार्डं त्याने विषयवार लावून ठेवली होती. आमच्या क्षेत्रात याला डेटाबेस म्हणतात. त्याच्याकडे तो लाकडी खणांत होता.

त्याच सुमारास एक इंग्रज पत्रकार त्याला भेटायला आमिएँला गेला. ती मुलाखत १८९४ च्या जानेवारीत एका अमेरिकन मासिकात आली. व्हर्न तेव्हा पासष्टीचा, जगभर नाव झालेला. त्याने त्या पाहुण्याला सांगितलं की फ्रेंच साहित्यात मला जागा मिळाली नाही, हे माझ्या आयुष्याचं मोठं दुःख आहे. मला हे वाचून वाईट वाटलं ते त्याच्यासाठी तर खरंच, पण त्याहून जास्त या गोष्टीचं, की त्याला आपल्या बाजूला उभ्या असलेल्या लाखो मुलांची साक्ष पुरेशी वाटली नाही. आणि का वाटावी? प्रत्येकाला आपल्या बरोबरीच्यांनी मान द्यावा असं वाटतंच. २४ मार्च १९०५ रोजी मधुमेहाने तो आमिएँतच गेला. डोळ्यांना तेव्हा नीट दिसत नव्हतं.

मेल्यानंतरही कटकटी संपल्या नाहीत. इंग्रजी वाचकाकडे तो पोचला होता घाईच्या भाषांतरांतून. समुद्राखालच्या कादंबरीच्या सुरुवातीच्या इंग्रजी भाषांतरात मूळ मजकुराचा मोठा हिस्सा गाळलेला होता. एक चूक तर माझ्यासारख्या इंजिनिअरला विसरता येणार नाही अशी आहे. पाणबुडीच्या पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, असं व्हर्नने अचूक लिहिलं होतं. भाषांतरकाराने आकडा चुकीचा समजून ती पाण्याहूनही कमी करून टाकली. म्हणजे पोलाद पाण्यावर लाकडासारखं तरंगणार! ‘गूढ बेट’च्या इंग्रजी अवतारात तर मरणपंथाला लागलेल्या निमोच्या तोंडची इंग्रजी राज्याविरुद्धची धार काढून टाकली गेली. आणि मग हीच पुस्तकं वाचून लोक म्हणत राहिले की व्हर्नचं शास्त्र कच्चं आहे आणि त्याला राजकारण कळत नाही. बिघडलेली प्रत तपासून मूळ प्रोग्राम वाईट ठरवावा, तसं हे झालं. १९६५ मध्ये वॉल्टर जेम्स मिलर या अमेरिकन प्राध्यापकाने ही गळती उघड केली आणि नवी भाषांतरं सुरू झाली.

घरच्या आघाडीवर मिशेलने वडिलांच्या मागे राहिलेल्या कादंबऱ्या छापल्या, पण त्यात बदल करून. पात्रं घातली, शेवट फिरवले. मूळ हस्तलिखितं सापडून हे जाहीर झालं १९७८ च्या सुमारास आणि नंतरच्या वर्षांत व्हर्नचे स्वतःचे मसुदे छापले गेले. त्यांतून दिसलेला म्हातारा व्हर्न बराच काळजीत पडलेला आहे. यंत्रं कुणाच्या हातात जातील, पैसा काय करील, हे प्रश्न त्याला छळत होते.

फ्रान्समध्ये त्याच्याकडे बघण्याची नजर बदलली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ मध्ये मिशेल ब्यूतोर या तरुण लेखकाने त्याच्यावर गंभीर निबंध लिहिला. १९५७ मध्ये रोलाँ बार्थने व्हर्नची पाणबुडी आणि रँबोची कविता शेजारी ठेवून विचार मांडला. मग तत्त्वज्ञ आले, विद्यापीठं आली, प्रबंध आले. २०१२ मध्ये ‘प्लेइयाद’ या मालेत त्याच्या कादंबऱ्या आल्या. फ्रान्समध्ये या मालेत येणं म्हणजे अभिजात ठरणं. आणि युनेस्कोने ठेवलेल्या भाषांतरांच्या नोंदीत तो जगात दुसरा आहे, अगाथा ख्रिस्तीच्या खाली आणि शेक्सपिअरच्या वर.

या सगळ्यात पुस्तकं तर तीच होती. मग बदललं काय? मला जे दिसतं ते असं. ब्यूतोर काय, बार्थ काय, ही सगळी व्हर्न सहज हाताशी असलेल्या देशात वाढलेली मुलं. मुलांच्या कपाटातल्या लेखकाला मोठ्यांनी मान दिला नाही, पण ती मुलंच मोठी होऊन मान देणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसली. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यांना फुग्याच्या आणि पाणबुडीच्या आतला एकटा माणूस दिसला. न्याय झाला, पण ज्याला हवा होता त्याच्या हाती तो पडला नाही. उशिरा झालेला न्याय गोडच असतो, असं मी म्हणणार नाही.

ते नाकारलेलं पॅरिसचं हस्तलिखित १९८९ मध्ये व्हर्नच्या पणतवाला घराण्याच्या जुन्या तिजोरीत सापडलं आणि १९९४ मध्ये छापून आलं. १९९४, म्हणजे आपण दहावी दिली ते वर्ष. एकशे तीस वर्षं आधी ज्याला कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून परत केलं, ते पुस्तक लोकांनी रांगा लावून घेतलं नसेल कदाचित, पण तारेवरून जाणारे कागद, विजेने उजळलेली दुकानं आणि कविता वाचणाऱ्याला हसणारं शहर यांत आता अविश्वसनीय काही उरलं नव्हतं.

मराठीचं मात्र कौतुक केलं पाहिजे. व्हर्नच्या चंद्रावरच्या सफरीचा मराठी अवतार विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ‘केरळ कोकिळ’ मासिकातून येऊन गेला होता. पुढे भागवतांनी तो घराघरांत नेला. आपल्याकडच्या विज्ञानकथेची मुळं शोधायला गेलं की हा फ्रेंच दलाल भेटतोच. बालसाहित्य म्हणून भागवतांनाही पुष्कळांनी बाजूलाच ठेवलं. त्यांचा हिशेब अजून व्हायचा आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचने शाळेच्या ग्रंथालयासाठी निधी जमवलाय. पुस्तकं कोणती घ्यायची यावर चर्चा चालू आहे आणि यादीत आत्तापर्यंत स्पर्धा परीक्षा, कोडिंग, शब्दकोश आणि थोरांची चरित्रं आहेत. सगळी उपयोगाची आहेत, मी विरोध करत नाही. माझी समितीला एवढीच विनंती आहे की निधीचा तिसरा हिस्सा निव्वळ गोष्टींसाठी ठेवावा. साहसकथा, रहस्यकथा, भुतांच्या, चोरांच्या, विमानांच्या. दर्जाचं काय, असं कुणी विचारील. दर्जा ठरवणारी माणसं आज पाचवी-सहावीत आहेत. त्यांना आधी वाचू तर द्या. माझ्या वाट्याची रक्कम मी त्याच हिश्श्यासाठी दिली आहे आणि यादीतलं पहिलं नाव लिहून टाकलंय. ते कोणाचं, हे सांगायला नको.